टोक्याचे ज्योतिर्विद बापूदेवशास्त्री

आपल्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, प्रवरा नदी जेथे गोदावरीस मिळते तेथे टोके नावाचे गाव आहे. संगमावरील सिद्धेश्वराच्या देवालयामुळे ते पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु काशीस राहून ज्यांनी आपले प्राचीन ज्योतिष पाश्चात्त्य विद्वानांपुढे मांडले, त्या बापूदेवशास्त्री यांच्या घराण्याचे मूळ गाव हेच, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस माहीत असावी. यास्तव त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे मूळ नाव नृसिंह, वडिलांचे सीताराम व आडनाव परांजपे. त्यांचा जन्म 1821 साली पुणे येथे झाला. बालपणीचे शिक्षण नागपूर येथे मराठी शाळेत झाले आणि तेथेच ढुंढिराज मिश्र यांजपाशी त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित यांचे अध्ययन केले. त्यांच्या बुद्धीची चमक भोपाळ प्रांतातील सिहोर येथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या दृष्टीस पडली व 1838 साली त्यांनी या तरुणास सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. तेथे त्यांनी रेखागणिताचा अभ्यास केला. विल्किन्सनसाहेबांचे मत असे होते की, या देशातील लोकांस नवे ज्योतिष शिकवावयाचे तर त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांच्या पायावर ते शिकवावे. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी याच हेतूने हाती घेतले होते. परंतु 1841 साली ते निवर्तले आणि भाषांतर अप्रकाशित राहिले.

हा गोलाध्याय 1150 सालचा. त्यात विश्व मोजण्याचा जो मार्ग दाखविला आहे तो आमच्या वाचकांनी समजून घ्यावा, कारण त्यावाचून शास्त्रीबुवांच्या कार्याचे महत्त्व कळावयाचे नाही. पृथ्वी गोल असून ती सपाट दिसते, कारण वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भागही सरळ भासतो, असे भास्कराचार्य सांगतात. पुढे ते म्हणतात की, उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे. तेव्हा तेवढे अंतर मोजून सोळांनी गुणिले की पृथ्वीचा परीघ आला. हेच गणित आपणांस आपल्या नगरावरूनही करता येईल. येथे ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे 19 अंश दिसतो. बहुतेक थेट उत्तरेस असलेल्या उज्जयिनीस तो सुमारे 23 अंश दिसतो. अचूक फरक 4.1 अंशांचा असून तितके उत्तरेस जाण्यास सुमारे 455 किलोमीटर पडतात. मग 360 अंशांस किती, हे त्रैराशिक मांडावे, म्हणजे 40,000 किलोमीटरांच्या अगदी जवळचे उत्तर येते.

पृथ्वी मोजली की चंद्र मोजावयाचा. हात लांब करून बोट समोर धरावे व आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटून त्याकडे पाहावे. बोट मागील भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. यासच लंबन म्हणतात. वस्तू जितकी जवळ तितके लंबन अधिक. चंद्राचे अंतर सिद्धान्तकारांनी पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे 65 पट ठरविले. आजचे मान सुमारे 60 पट आहे. दुर्बिणीवाचून केलेले हे काम पाहून कोणास कौतुक वाटणार नाही?

परंतु सूर्याचे लंबन इतके सूक्ष्म आहे की ते नुसत्या डोळ्यांस मोजवत नाही. तेव्हा सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरण्यात आले. त्यावरून सूर्य पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे 872 पट दूर ठरला. खरे अंतर सुमारे 23,500 पट आहे. गणितात चूक नव्हती. चूक गृहीत धरलेल्या गोष्टीत होती. नक्षत्रे तर सूर्याच्या साठपट अंतरावर मानिली गेली. बापूदेव सिहोरास गेले त्याच 1838 साली जर्मन ज्योतिषी बेसेल यांनी हंस राशीतील एका ताऱ्याचे लंबन मोजून प्रसिद्ध केले. तो तारा सूर्याच्या सात लाखांहून अधिक पट दूर आहे. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास 11 वर्षांहून अधिक काळ लागतो.

अशा संधिकाळी, 1842 च्या सुमारास, बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. आश्रयदात्याचे अपुरे काम त्यांनी टाकून दिले नाही. त्यांनी तपासून शुद्ध केलेले गोलाध्यायाचे भाषांतर 1861 साली, विल्किन्सनसाहेबांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास सूर्यसिद्धान्ताचे त्यांनी स्वतः केलेले भाषांतरही निघाले. ग्रहाच्या क्षणाक्षणाच्या गतीविषयी भास्कराचार्यांचा विचार अर्वाचीन चलनकलनाच्या किती निकट होता, हे त्यांनी 1858 साली एका निबंधात दाखविले. पूर्वजांविषयी असा आदर बाळगणारा हा पंडित पंचांग करू लागला तेव्हा मात्र त्याने त्याचे गणित इंग्लंडातील नौकापंचांगावरून, म्हणजे नव्या वेधांनी सिद्ध झालेल्या मानांवरून केले. परंपरेच्या अभिमानी काशीनगरीत हे करण्यास केवळ विद्वत्ता पुरत नाही, धैर्यही लागते. सरकारने त्यांस 1878 साली सी. आय. ई. व 1887 साली महामहोपाध्याय या पदव्या दिल्या. जवळजवळ अर्धशतक अध्यापन करून 1889 साली ते निवृत्त झाले.

पूर्वजांचा मान राखावयाचा तर त्यांचे आकडे जपावे की त्यांची रीत जपावी, हा प्रश्न आमच्यापुढेही आहे. भास्कराचार्यांनी आकाशकक्षेचा प्रचंड आकडा दिला खरा. पण ब्रह्मांड तेवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात इतकी योजने चालतो एवढेच आपले सांगणे, असेही त्यांनी स्पष्ट केले. बापूदेवशास्त्री अशा आचार्यांचे खरे शिष्य शोभले. विद्यार्थी बंधुभगिनींनो, सुटीत टोक्याच्या संगमावर जाण्याचा योग आला तर रात्री घाटावर क्षणभर थांबा, उत्तरेकडे ध्रुव शोधा आणि त्याची उंची कोनमापकाने स्वतः मोजून पाहा. त्या थोर पुरुषाचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस सुचत नाही.