महूचा मुलगा, बडोद्याची शिष्यवृत्ती आणि कोलंबिया विद्यापीठ

इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव जन्मले. शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. तरीही १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत लागले आणि काही दिवसांतच वडील गेले.

अशा वेळी सयाजीराव गायकवाड महाराजांनी हात दिला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट एकच, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची.

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालेलं. १८९७ पासून ते मॉर्निंगसाइड हाइट्स भागात होतं. मधोमध घुमटाचं लो ग्रंथालय, आजूबाजूला वसतिगृहं. आंबेडकर आधी हार्टली हॉलमध्ये राहिले, पण तिथलं जेवण काही मानवेना. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली आणि ती दोस्ती जन्मभर टिकली.

सुरुवातीचे काही महिने मजेत गेले. मग मात्र त्यांनी स्वतःला ग्रंथालयात गाडून घेतलं. सेलिग्मन अर्थशास्त्राला, ड्यूई तत्त्वज्ञानाला. तुटपुंज्या पैशांतून घरी रमाबाईंना पाठवायचं, उरेल त्यात जुनी पुस्तकं घ्यायची. इथे एका बाकावर बसायला, एका टेबलावर जेवायला कुणी जात विचारत नव्हतं. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याची सक्ती हेच जातिव्यवस्थेचं मूळ, हे त्यांनी तिथे मांडलं. वय अवघं पंचवीस.

लंडनला काही काळ शिकून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये ते परतले. सोबत न आणलेली पुस्तकं बोटीबरोबर समुद्रात बुडाली. करारानुसार बडोद्यात रुजू झाले, तर शिपाई लांबूनच फायली टाकत. राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं आणि त्या दिवशी बागेतल्या झाडाखाली ते रडले. न्यूयॉर्कच्या पदव्या इथे एक खोलीही मिळवून देऊ शकल्या नाहीत. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच संपला.

कोलंबियाशी नातं मात्र तुटलं नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये पीएच.डी. मिळाली. ५ जून १९५२ रोजी, राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून, ते सन्माननीय डॉक्टरेट घ्यायला पुन्हा त्याच आवारात उभे राहिले. त्या वाटेचं पहिलं भाडं भरणारे सयाजीराव महाराज हे पाहायला नव्हते. १९३९ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.