इंग्लिश खाडी जिंकणारी आरती साहा

इंग्लिश खाडी पोहून पार करणारी पहिली आशियाई महिला म्हणून आरती साहा यांचे नाव अजरामर झाले. मात्र त्यांची जडणघडण कमी अंतराच्या शर्यतींत झाली होती. २४ सप्टेंबर १९४० रोजी कोलकात्यात जन्मलेल्या आरतींचे गुण ख्यातनाम जलतरणपटू सचिन नाग यांनी हेरले. १९५१ मध्ये त्यांनी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मुंबईच्या डॉली नझीर यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये दोघींनीही भारताचे प्रतिनिधित्व केले.

दीड मिनिटाच्या शर्यतीला वेग पुरतो. खाडीला दिवसभर टिकणारा दम लागतो. तो कमावण्यासाठी १९५९ मध्ये त्यांनी देशबंधू पार्कच्या तलावात प्रथम सलग ८ तास आणि नंतर १६ तास पोहण्याचा सराव केला. २७ ऑगस्टच्या पहिल्या प्रयत्नात सोबतची नौका उशिरा आली. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना उलट्या प्रवाहामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. सुमारे महिन्याभरानंतर, २९ सप्टेंबरला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. तलावातील १६ तासांची ती तपश्चर्या अशी फळाला आली.

१९६० मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. २३ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.