लिंडले मरे : नाम ओळखण्याची खूण सांगणारे व्याकरणकार



नामाची व्याख्या आमच्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. पण वाक्यात ‘काइंड’ आणि ‘काइंडनेस’ शेजारी आले की पेन थांबते. घरी नाम, हिंदीच्या तासाला संज्ञा, इंग्रजीच्या तासाला नाउन, अशी एकाच गोष्टीची तीन नावे त्यांना सांभाळावी लागतात. म्हणून या अंकात लिंडले मरे यांची ओळख करून देत आहोत.

मरे यांचा जन्म १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. न्यूयॉर्कला त्यांनी वकिली केली, व्यापारही केला. पैसा मिळाला, पण प्रकृती ढासळली. हवापालटासाठी १७८४ मध्ये ते पत्नीसह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळ होलगेट येथे कायमचे राहिले. पाय साथ देईनात. शेवटची कित्येक वर्षे तर घराबाहेर पडणेही बंद झाले.

यॉर्कमध्ये क्वेकर पंथीयांची मुलींची शाळा होती. तेथील तरुण शिक्षिकांच्या आग्रहावरून मरे यांनी इंग्रजी व्याकरण लिहिले, ते १७९५ मध्ये छापले गेले. बराचसा मजकूर आधीच्या व्याकरणकारांकडून घेतलेला होता, आणि हे त्यांनी लपवले नाही.

आम्हाला या पुस्तकात आवडते ते हे, की व्याख्येपाठोपाठ शब्द ओळखण्याची खूणही दिली आहे. ज्याच्या आधी ‘अ’, ‘अॅन’ किंवा ‘द’ लागतो, किंवा जो एकटाच अर्थ देतो, ते नाम. ज्याच्यापुढे ‘थिंग’ जोडून अर्थ लागतो, ते विशेषण. ज्याच्या आधी ‘टू’ लावून अर्थ लागतो, ते क्रियापद. आता पाहा : ‘काइंड थिंग’ जमते, ‘काइंडनेस थिंग’ जमत नाही. झाला निकाल! ‘वर्क’ मात्र ‘द वर्क’ही होते आणि ‘टू वर्क’ही, तेथे वाक्यच पाहावे लागते. ‘द पूअर’सारखे शब्दही फसवतात. तरीही नुसत्या घोकंपट्टीपेक्षा ही खूण आम्हाला शंभर पटींनी बरी वाटते. पालकांनी घरी वर्तमानपत्राच्या एखाद्या ओळीवर ती करून पाहावी.

इंग्लंड-अमेरिकेत मरे यांच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. स्वतःच्या गरजा थोड्या असल्याने ही कमाई त्यांनी लोकोपयोगी कामांना दिली. १८२६ मध्ये ते वारले. पुढे दहाच वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी मरे यांच्याच धर्तीवर होती.