विश्लेषण : मराठीला स्वल्पविराम, पूर्णविराम कोणी दिले? मेजर कँडींनी इंग्रजीतून काय आणले, काय नाही?

परभणी जिल्ह्यातील मराठी शाळेत पहिलीत बसलेले मूल आज दोन लिप्यांचे नियम एकाच वेळी शिकते. वाक्य संपले की टिंब द्यायचे, हा नियम दोन्हीकडे सारखा. पण त्यानंतरचे अक्षर मोठे काढायचे, हा नियम फक्त इंग्रजीत. असे का? याचे उत्तर शोधताना एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे चरित्र समोर येते. त्याचे नाव मेजर थॉमस कँडी.

कोण होते मेजर कँडी?

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ऐन तारुण्यात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात आले. जुळा भाऊ जॉर्ज हाही इथेच होता. त्या काळी मराठी येणारा इंग्रज अधिकारी कंपनीला हवाच असे. जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे काम हाती घेतले, तेव्हा हे दोघे भाऊ त्यांच्या मदतीला गेले. तो कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरचा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ प्रकृती बिघडल्याने पुरा करू शकले नाहीत. थॉमस कँडींनी तो तडीस नेला आणि १८४७ मध्ये छापून घेतला.

पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ पासून हिंदू कॉलेज ही संस्कृत पाठशाळा चालत होती. तिची देखरेख १८३०च्या दशकात कँडींकडे आली. पुढे सरकारी शाळांसाठी मराठी पुस्तके तपासणे, भाषांतरे करणे आणि करवून घेणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. तलवार बाजूला राहिली आणि लेखणी हाती आली ती कायमची. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधी मराठी कशी लिहिली जात होती?

व्यवहारातली मराठी मोडी लिपीत लिहिली जाई. मोडीत हात न उचलता ओळ पुढे न्यायची पद्धत. शब्दांमध्ये जागा सोडायचा दंडक नव्हता आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसे. बाळबोध लिपीतल्या पोथ्यांमध्ये ओवी किंवा श्लोक संपला की एक किंवा दोन उभे दंड येत. गंगाखेडच्या संत जनाबाईंचे अभंग पिढ्यान्पिढ्या टिकले ते मुख्यतः गाऊन आणि ऐकून. कुठे थांबायचे, हे गळ्याला आणि कानाला ठाऊक होते, म्हणून कागदावर खुणेची गरज भासली नाही.

छापखाने आले आणि चित्र बदलले. वाचणारा आता एकटा बसून, मनातल्या मनात, अनोळखी माणसाने लिहिलेले गद्य वाचू लागला. ‘नको थांबू’ आणि ‘नको, थांबू’ यांतला फरक बोलताना आवाजातून कळतो. कागदावर तो दाखवायला चिन्ह लागते.

१८५०च्या पुस्तिकेने काय बदलले?

छापील मराठीत काही खुणा त्याआधीही दिसू लागल्या होत्या. पण प्रत्येक चिन्हाचे नाव काय, ते कुठे द्यायचे आणि का, हे मराठीत नीट समजावून देण्याचे श्रेय कँडींना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० मध्ये निघाली. इंग्रजी व्याकरणातली व्यवस्था त्यांनी मराठी विद्यार्थ्याला कळेल अशा रीतीने मांडली. शालेय पुस्तके त्यांच्याच नजरेखालून जात असल्याने ही चिन्हे मुलांच्या डोळ्यांत बसली. परिणाम आजही दिसतो. हिंदीने वाक्याअखेरचा उभा दंड राखला, मराठीने मात्र इंग्रजीसारखे टिंब घेतले.

मग कॅपिटल अक्षरे का आली नाहीत?

कारण ती लिपीतच नाहीत. विरामचिन्ह अक्षराच्या बाहेर असते, त्यामुळे ते कोणत्याही लिपीच्या शेजारी बसू शकते. मोठे अक्षर मात्र वर्णमालेचाच भाग असते. रोमन लिपी मुळात केवळ मोठ्या अक्षरांची होती. भराभर लिहिण्याच्या गरजेतून लहान अक्षरे नंतर घडली आणि मोठी अक्षरे आरंभासाठी व नावांसाठी राखली गेली. देवनागरीत अशी जोडी कधीच तयार झाली नाही.

त्यामुळे ‘आशा गेली’ या वाक्यात उमेद गेली की आशा नावाची मुलगी, हे मराठी वाचक संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत ते काम पहिले अक्षरच करते. माणसाचे, गावाचे, वाराचे आणि महिन्याचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते. ‘मी’ या अर्थाचे एकाक्षरी ‘आय’ तर वाक्यात कुठेही मोठेच. मराठी मुलाची इथे चूक होते, कारण त्याच्या लिपीने हा प्रश्न त्याला कधी विचारलेलाच नसतो.

स्पेलिंग इतके अवघड का?

‘परभणी’ लिहायला देवनागरीत चार अक्षरे पुरतात. इंग्रजीत आठ लागतात : पी, ए, आर, बी, एच, ए, एन, आय. ‘भ’साठी दोन अक्षरे जोडावी लागतात, ‘ण’ला स्वतंत्र अक्षर नाही आणि ‘अ’ व ‘आ’ या दोन्हींचे काम एकच ‘ए’ करते. इंग्रजीची स्वतःची अडचण वेगळी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्सटन यांनी १४७६ मध्ये छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरत गेले, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’च्या सुरुवातीचा ‘के’ पूर्वी उच्चारला जाई. आवाज गेला, अक्षर राहिले. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने अशी अनेक रूपे आणखी पक्की केली.

कँडींच्या कामाची दुसरी बाजू कोणती?

एकसारखे लेखन म्हणजे कुणाच्या तरी बोलीला मान आणि बाकीच्यांना दुय्यम जागा. शालेय मराठीचा साचा पुण्यातल्या शिकलेल्या वर्गाच्या भाषेवर बेतला गेला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. सरकारी कारभार आणि वरचे शिक्षण पुढे उर्दूत चालले. उर्दूच्या लिपीतही कॅपिटल अक्षर नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्यानंतर शाळांमध्ये मराठीचा तोच प्रमाण साचा रुजला. १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियमही त्यानुसारच शिकवले गेले. घरी ‘मी जायलो’ म्हणणाऱ्या मुलाला वहीत ‘मी जात आहे’ लिहावे लागते. बोली चुकीची नसते, पण लाल शाईला ते कळत नाही.

विद्यार्थ्यांना याचा उपयोग काय?

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. स्पेलिंग चुकले की मूल मठ्ठ ठरवले जाते. कँडींचा काळ पाहिला तर कळते की लेखनाचे नियम हुशारी मोजण्यासाठी जन्मले नाहीत. ते न दिसणाऱ्या वाचकाच्या सोयीसाठी झालेले करार आहेत. कँडींनी परकी भाषा मोठेपणी येऊन शिकली आणि तिच्या लेखनात भरही घातली.

मोबाइलवर इंग्रजीत टाइप करताना पूर्णविरामानंतरचे अक्षर कीबोर्ड सहसा आपोआप मोठे करतो. पण गावाचे किंवा मित्राचे नाव ओळखण्यात तो अनेकदा चुकतो आणि परीक्षेच्या पेपरात तर तो नसतोच. म्हणून नियम कारणासह शिकवावा. टिंब सांगते की वाक्य संपले, मोठे अक्षर सांगते की नवे सुरू झाले. मराठी मुलाला यातले अर्धे आधीच येते. उरलेले अर्धे शिकवताना सुरुवात तिथूनच करता येईल.