कर्मवीर भाऊराव पाटील : ध्येय, शिक्षण आणि कसोटी यांचा त्रिवेणी संगम

महापुरुषांची चरित्रे ही समाजाची खरी धनसंपदा होय. धन वापरले की घटते. चरित्र मात्र जितके आचरणात उतरावे तितके वाढते. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने महाराष्ट्राला जी नररत्ने दिली, त्यांत रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांनी किती शाळा काढल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या शाळा कशा चालविल्या आणि त्यांचे यश कोणत्या मापाने मोजले, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

कोणत्याही शिक्षणसंस्थेत तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. संस्था कशासाठी आहे हे सांगणारे ध्येय, त्या ध्येयाप्रत नेणारी शिकविण्याची रीत आणि ध्येय साधले की नाही हे दाखविणारी कसोटी. या तिन्हींच्या दिशा वेगळ्या झाल्या की शाळा चालते, इमारत उभी राहते, वार्षिक अहवालही छापला जातो. परंतु माणूस घडत नाही. भाऊरावांचे मोठेपण असे की, त्यांच्या कार्यात या तिन्हींचा त्रिवेणी संगम झाला होता.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, बाहुबलीच्या पवित्र परिसरात झाला. घराणे मूळचे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीचे. पुढे ते सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. घरात जैन आचारांचे वळण होते आणि बाहेर सत्यशोधक विचारांचे वारे वाहत होते. या दोन्हींचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. शालेय परीक्षांत त्यांनी विशेष चमक दाखविली नाही. मॅट्रिकची पायरीही त्यांना चढता आली नाही. परीक्षेच्या तराजूत जो विद्यार्थी हलका ठरला, त्याने पुढे लक्षावधी मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. परीक्षेतील गुण म्हणजे माणसाचे संपूर्ण मोल नव्हे, याचा धडा त्यांच्याच आयुष्याने प्रथम दिला.

वसतिगृहाचा उंबरठा

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास तरुण भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असा आग्रह त्यांना बोर्डिंगमध्ये करण्यात आला. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

हा प्रसंग समाजाच्या दृष्टीने अभिमानाचा नाही. तरीही तो विसरता कामा नये. अहिंसा आणि जीवमात्रांविषयी समभाव हे ज्या धर्माचे प्राणतत्त्व, त्याच धर्माच्या नावाने चालणाऱ्या घरात एका विद्यार्थ्याने तो समभाव आचरला म्हणून त्यास बाहेर पडावे लागले. ध्येय एक आणि नियम दुसरा, असे झाले की संस्थेची काय गत होते, हे भाऊरावांनी कोवळ्या वयात अनुभवले. मात्र त्यांनी मनात कटुता धरली नाही. आपल्या हातून चालणाऱ्या घरात असे घडू द्यायचे नाही, एवढे मात्र त्यांनी ओळखले.

याच सुमारास ज्ञानदेव घोलप नावाचा अस्पृश्य समाजातील मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. जातीमुळे त्यास वर्गाबाहेर बसावे लागे. भाऊरावांनी त्यास कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये दाखल केले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. ज्येष्ठ जैन नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी तुरुंगवास आणि यातना पत्करल्या, जीव देण्यापर्यंत पाळी आली. परंतु असत्य वदले नाहीत. सत्यव्रताची परीक्षा प्रवचनाच्या मंडपात नव्हे, तर अशा कोठडीत होते. कोल्हापूर संस्थानात एवढे सोसूनही पुढे आपल्या वसतिगृहास त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले, यात त्यांची क्षमाशीलता दिसून येते.

नांगराची शिकवण

चरितार्थासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. तेथे ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जात. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी परिश्रम घेतले. या भ्रमंतीत त्यांनी खेड्यातील शेतकऱ्याचे जिणे जवळून पाहिले. अक्षरओळख नसल्यामुळे तो सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न वाचताच अंगठा उठवी आणि जमीन गमावून बसे.

नांगराची किंमत जाहिरातीवरून ठरत नाही. तो जमिनीत किती खोल जातो यावरून ठरते. शेतकरी विक्रेत्याचे बोलणे ऐकून घेतो, पण विश्वास ठेवतो तो तासावर. हीच दृष्टी भाऊरावांच्या शैक्षणिक कार्यातही दिसते.

काले येथील संकल्प

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तेथेच वसतिगृह सुरू झाले. संस्थेने आरंभीच आपली उद्दिष्टे निश्चित केली. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड उत्पन्न करणे, त्यांतील गरीब मुलांना शक्य तेवढे मोफत शिक्षण देणे, भिन्न जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांत प्रेमभाव वाढविणे, अयोग्य रूढींना फाटा देणे, एकीचे महत्त्व कृतीने पटविणे, मुलांना काटकसरी, स्वावलंबी, शीलवान आणि उत्साही बनविणे व कार्याचे क्षेत्र जरूर तसे वाढविणे, असा त्यांचा आशय होता.

या उद्दिष्टांपैकी बहुतेक अशी आहेत की, त्यांची परीक्षा पाटीवर किंवा उत्तरपत्रिकेवर घेताच येत नाही. बंधुभाव या विषयावर सुरेख निबंध लिहिणारा मुलगा पंगतीत शेजाऱ्यापासून सरकून बसू शकतो. म्हणून भाऊरावांनी उद्दिष्टांची शिकवण आणि कसोटी दोन्ही रोजच्या जीवनातच ठेवल्या.

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीस जेवत. प्रेमभाव हे ध्येय, सहजीवन ही शिकवण आणि भोजनाची पंगत ही कसोटी. दररोज दोन वेळा ही परीक्षा होई आणि तिचा निकाल सर्वांस दिसे. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या घराची माउली म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरच्या सोवळ्या वळणात वाढलेल्या या साध्वीने सर्व जातींची मुले पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने दिले आणि अखेरीस सौभाग्याचे मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. अपरिग्रह हा शब्द अनेकांच्या मुखी असतो. लक्ष्मीबाईंनी तो आचरून दाखविला.

शिक्षक घडविणारे विद्यालय

१९३२ साली पुणे कराराच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस स्थापन केले. वसतिगृहांनी मुलांची सोय झाली, परंतु डोंगरकपारीतील ज्या गावांत शाळाच नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. शाळा उघडण्यापूर्वी शिक्षक हवा, आणि शहरी वळणाचा शिक्षक खेड्यात टिकत नाही, हे त्यांनी जाणले. म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतर १९३८ साली साताऱ्याजवळील यवतेश्वर येथे संस्थेची पहिली व्हॉलंटरी प्राथमिक शाळा निघाली. अशा शाळांची संख्या वाढत वाढत ५७८ झाली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी शिक्षक, मग शाळा. घाईने फलक लावून नंतर माणसे शोधण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही.

कमवा आणि शिका

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. हे मोफत व निवासी विद्यालय श्रमाच्या पायावर उभे होते. मुलांनी शेतात, बांधकामावर व वसतिगृहाच्या कामात घाम गाळावा आणि त्या श्रमातून आपले शिक्षण मिळवावे, ही कमवा आणि शिका योजना होय. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हेच तत्त्व स्वीकारण्यात आले.

स्वावलंबन हे ध्येय असेल तर विद्यार्थ्यास फुकटचे अन्न देऊन ते साधणार नाही; आणि केवळ लेखी परीक्षेने ते मोजताही येणार नाही. कुदळीने खणलेला चर आणि स्वतःच्या कष्टाने भरलेले शुल्क हेच तेथील प्रगतिपुस्तक होते. याचा अर्थ पुस्तकी परीक्षेकडे दुर्लक्ष झाले, असा मात्र नव्हे. याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे इंग्लंडला जाऊन उच्चविद्याविभूषित झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. ज्ञान हवेच, परंतु ज्ञानाबरोबर चारित्र्य हवे, हा भाऊरावांचा आग्रह होता.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. याच काळात शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. संत गाडगे महाराज पाठीशी उभे राहिले आणि सामान्य रयतेने मूठमूठ धान्य व पैसा देऊन संस्था जगविली. पुढे अनुदान पूर्ववत झाले. संकटात समाज धावून येतो की पाठ फिरवितो, ही संस्थेचीच परीक्षा असते. त्या परीक्षेत रयत उत्तीर्ण झाली. १९५४ साली कऱ्हाड येथे स्थापन झालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले.

जीवनाचा ताळेबंद

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकची पायरी न चढलेल्या पुरुषाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. वटवृक्ष हे त्यांनी संस्थेचे बोधचिन्ह निवडले होते. आज त्या वटवृक्षाच्या शाखा सातशेहून अधिक झाल्या आहेत.

जैन दर्शनात सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य ही तीन रत्ने मिळूनच मोक्षमार्ग होतो. एकट्या रत्नाने वाट पुरी होत नाही. भाऊरावांच्या कार्याकडे पाहता हेच तत्त्व शिक्षणाच्या क्षेत्रात अवतरल्याचा प्रत्यय येतो. ध्येयावरील अढळ श्रद्धा, तिला साजेसे शिक्षण आणि आचरणातून मिळणारी साक्ष, असा तो मेळ होता.

व्यापारात वर्षाअखेरीस शिलकी माल मोजल्याशिवाय नफा ठरत नाही. शिक्षणसंस्था मात्र पुष्कळदा देणग्यांचा आणि इमारतींचा हिशेब मांडतात आणि घटनेत लिहिलेल्या उद्दिष्टांचा हिशेब मांडावयाचा राहून जातो. सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक संस्थेने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आपण काय साधू म्हणालो होतो? त्यासाठी रोज काय करतो? आणि ते साधले, हे कशावरून म्हणतो? समाजाच्या वसतिगृहांतून आणि शाळांतून आज जे विद्यार्थी बाहेर पडत आहेत, त्यांच्या वागण्यातच या प्रश्नांची उत्तरे आहेत. एकदा एका विद्यार्थ्यास समभावासाठी वसतिगृह सोडावे लागले होते. पुन्हा कोणासही तसे सोडावे लागू नये, एवढी दक्षता समाजाने घेतली तरी कर्मवीरांचे ऋण काही अंशी फिटेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पावन स्मृतीस कोटी कोटी विनम्र अभिवादन!