दुर्गाबाई देशमुख आणि कुटुंब न्यायालय

हैदराबादेत विद्यानगर भागात दुर्गाबाई देशमुख यांच्या नावाचे रुग्णालय आहे. त्या शहरातील मराठी कुटुंबांना हे नाव परिचयाचे आहे. परंतु नवऱ्यापासून वेगळे होण्याची पाळी आलेल्या स्त्रीवर या बाईंचे केवढे उपकार आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा भाग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

दुर्गाबाईंचा जन्म 15 जुलै 1909 रोजी राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाणत्या झाल्यावर त्यांनी हा संसार नाकारला आणि वडील व भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या काळी तेथील हिंदू कायद्यात अशा पत्नीला घटस्फोटाची तरतूदच नव्हती. दुर्गाबाईंनी पतीला दुसरे लग्न करण्यास मोकळीक दिली. पुढे तो वारला, तेव्हा त्याच्या विधवेला, मायम्मा यांना, त्यांनी काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले व हैदराबादेत हस्तकलेचे शिक्षण मिळवून दिले. मनात कटुता असती, तर हे घडते ना.

मिठाच्या सत्याग्रहात त्यांना कारावास झाला. निरक्षर बायका कायदा न कळल्यामुळे कशा भरडल्या जातात, हे त्यांनी तुरुंगात पाहिले. सुटल्यावर पुन्हा अभ्यासाला लागून 1942 साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली व मद्रासला वकिली केली. त्यापूर्वी 1937 साली आंध्र महिला सभा स्थापन केली होतीच. पुढे त्या घटना समितीच्या सभासद झाल्या. 1953 च्या जानेवारीत त्यांचा विवाह तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे. तेव्हा दुर्गाबाई महाराष्ट्राच्या सूनबाईच झाल्या.

त्याच वर्षी त्या चीनला गेल्या व तेथील कौटुंबिक न्यायालये त्यांनी पाहिली. आपल्याकडे त्या वेळी पोटगीसाठी मॅजिस्ट्रेटकडे जावे लागे, फारकतीचा दावा दुसऱ्या कोर्टात चाले, आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज आणखी निराळा करावा लागे. कडेवर मूल घेऊन, वकिलाची फी जमवीत, स्त्रीने किती उंबरे झिजवावेत? परत आल्यावर दुर्गाबाईंनी न्यायमूर्ती छगला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर व पंडित नेहरू यांच्यापुढे वेगळ्या कुटुंब न्यायालयाची कल्पना मांडली. पुढे स्त्रियांच्या संघटनांनीही ती मागणी लावून धरली.

9 मे 1981 रोजी दुर्गाबाई निवर्तल्या. कुटुंब न्यायालयाचा कायदा 1984 साली झाला. विवाह, पोटगी व मुलांचा ताबा या तिन्ही बाबी त्याने एका छताखाली आणल्या. आधी समेटाचा प्रयत्न करावा, समुपदेशकांची मदत घ्यावी आणि पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड व्हावी, असे त्यात ठरले.

आम्हां ख्रिस्ती लोकांना तर याचे विशेष वाटावे. 1869 च्या कायद्याप्रमाणे पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर बहुधा क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा त्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद जाण्यास 2001 साल उजाडावे लागले. पोटगीची दरमहा 500 रुपयांची मर्यादाही त्याच वर्षी गेली.

तरीही वाट अजून खडतरच आहे. पोटगीचा हुकूम झाला म्हणजे पैसे हाती पडतातच असे नाही, आणि तारखांवर तारखा पडत असता मूल वाढतच असते. मंडळीतील एखाद्या भगिनीवर असा प्रसंग आला तर चार लोकांत कुजबुज करण्यापेक्षा तिच्याबरोबर कोर्टात जाऊन बसावे. विवाहाचा दाखला व मुलांचे जन्मदाखले सांभाळून ठेवण्यास तिला सांगावे. 1987 च्या कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही तिच्या कानी घालावे.

मायम्मांना दुर्गाबाईंनी आपल्या घरात जागा दिली. आपल्या मंडळीत अशा भगिनीला जागा आहे काय, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.