मेणबत्तीतून विज्ञान शिकवणारा फॅरडे

गरिबीमुळे शिक्षण खुंटते असे तुम्हांस वाटत असेल, तर मायकेल फॅरडे यांच्याकडे पाहा. १७९१ साली एका लोहाराच्या घरी ते जन्मले. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी लंडनच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात ते उमेदवारीस लागले. तेथे बांधणीस येणारी पुस्तके ते वाचीत. १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून टिपणे काढली व बांधून त्यांनाच पाठविली. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली.

पुढे ते थोर शास्त्रज्ञ झाले, तरी मुलांना विसरले नाहीत. १८६०-६१ च्या नाताळात त्यांनी मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. जळताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले.

तुम्हीही पाहा. उंच पेल्यात चमचाभर खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळा. फेस ओसरला की पेटत्या मेणबत्तीवर पेला हळूच कलता करा; रस सांडू देऊ नका. न दिसणारा वायू ज्योत विझवील.

पालकांनो, प्रयोगाच्या वेळी मुलांजवळ बसा. मुलगी विचारो वा मुलगा, 'असे का?' या प्रश्नाला गप्प करू नका. फॅरडे त्या प्रश्नातूनच घडले.